उजव्या दाराची काळी काच

मित्रांनो, माझ्याकडे कुणी बघत नाही, माझ्यातून बघतात. काचेच्या जातीत जन्माला आल्यावर त्याची सवय करून घ्यावी लागते. पण आज थोडा वेळ माझ्याकडेच बघा. मी एक जुनी काच आहे, एका निळ्या मोटारीच्या पुढच्या उजव्या दाराची. अमेरिकेत गाडी चालवणारा डावीकडे बसतो, म्हणून उजवीकडची जागा सोबतीच्या माणसाची. माझं आयुष्य त्या सोबतीच्या माणसाशेजारीच गेलं. म्हणूनच मला जे दिसलं ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवून माझा मोठा तक्ता तयार झाला. मग मला दाराच्या मापाने कापलं, किंचित बाक दिला, पुन्हा तापवलं आणि लालबुंद असतानाच माझ्यावर गार वाऱ्याचे झोत सोडले. या त्रासाने काच मजबूत होते. फुटलीच तर तिचे धारदार तुकडे होत नाहीत, ज्वारीच्या दाण्यांसारखी बारीक खडी होते. म्हणजे फुटतानाही कुणाला कापायचं नाही, हे मला जन्मतःच शिकवलेलं होतं.

मी ज्या गाडीत बसले ती गाडी नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात संजीव आणि आसावरी या जोडप्याने घेतली. संजीव नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये. आसावरी पुण्याची, रसायनशास्त्र शिकलेली, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारी. त्यांची मुलगी अनिका तेव्हा मागच्या सीटवर पट्ट्यांमध्ये जखडून बसायची आणि तिचे पाय जमिनीला पोहोचायचे नाहीत. गाडी घरी आली त्या दिवशी आसावरीने माझ्यावरचं कागदी लेबल नखाने अलगद सोलून काढलं आणि ओल्या फडक्याने मला पुसलं. तेव्हा मी अगदी स्वच्छ होते. आतली माणसं बाहेरून दिसायची आणि बाहेरची आतून. आसावरी गाडीत बसली की मला अर्धी खाली करायची, कोपर बाहेर काढायची आणि शेजाऱ्यांना हात करायची. कॅरीत पाइनची झाडं फार. वसंतात त्यांचा पिवळा पराग माझ्यावर साचायचा आणि अनिका त्यावर बोटाने मांजरं काढायची. माझे ते सगळ्यात सुखाचे दिवस.

मग आसावरीच्या गालांवर लाल चट्टे उठायला लागले. नाकाच्या दोन्ही बाजूंना, पंख पसरल्यासारखे. बोटांचे सांधे दुखायला लागले. सकाळी तिला दाराची कडी उघडता येत नसे, संजीव बाहेरून येऊन उघडायचा. आधी सगळ्यांना वाटलं ॲलर्जी असेल. शेवटी एकदा दवाखान्यातून ती गाडीत येऊन बसली, दार लावलं आणि माझ्यावर डोकं टेकलं.

"ल्यूपस म्हणाली डॉक्टर," संजीव गाडी सुरू न करताच बोलला. "औषधं आहेत ना यार त्याच्यावर. आणि उन्हापासून जपायचं. एवढंच तर आहे."

"एवढंच," आसावरी म्हणाली. तिचा श्वास माझ्यावर धुक्यासारखा पसरला आणि विरून गेला.

ल्यूपस म्हणजे शरीराचं स्वतःशीच चालणारं भांडण. ज्यांना तो असतो, त्यांतल्या बऱ्याच जणांना ऊन सोसत नाही. उन्हाने तो चिडून उठतो. आणि मित्रांनो, इथे मला माझ्याच जातीचा एक दोष सांगावा लागेल. दाराची साधी काच उन्हातले काही किरण अडवते आणि काही तसेच आत सोडते. आसावरी माझ्याआड निर्धास्त बसायची आणि मी तिला पुरेशी जपत नव्हते.

म्हणून माझ्यावर फिल्म लावायचं ठरलं. दुकानातल्या माणसाने साबणाचं पाणी फवारलं, काळी पातळ फिल्म माझ्या आतल्या अंगावर पसरली आणि रबरी पट्टीने तिच्याखालचा पाण्याचा थेंब न् थेंब बाहेर काढला. मग माझ्या कडेवर एक छोटा मीटर धरून त्याने किती उजेड पार होतो ते मोजलं. "नॉर्थ कॅरोलिनात एवढं चालतं," तो म्हणाला. "याहून काळं नाही." त्याने मर्यादेला अगदी टेकेल एवढी काळी फिल्म लावली होती, कारण आसावरीने तसंच मागितलं होतं.

मी काळी झाले. सुरुवातीला माझं कौतुक झालं. अनिकाच्या शाळेतली मुलं म्हणायची, "युअर कार लुक्स सो कूल!" अनिका ऐटीत उतरायची. आसावरीही पुन्हा हसायला लागली. पण तिच्यात एक बदल होत होता, तो मला सगळ्यांच्या आधी कळला.

मराठी मंडळाची तलावाकाठी पिकनिक होती. भर दुपारी, उघड्यावर. सुमित्रा काकू म्हणून मंडळातल्या एक वयस्कर बाई, मनाने चांगल्या पण आवाज मोठा. आसावरी उतरल्या उतरल्या त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अगंबाई, चेहऱ्याला काय झालं गं? काही लावतेस की नाही?" मग कुणी हळद सुचवली, कुणी पोट साफ नसेल म्हणालं, कुणी नुसतंच हळहळत बघत राहिलं. आसावरी "ऑफिसचा कॉल आलाय" असं सांगून गाडीत परत आली आणि पिकनिक संपेपर्यंत माझ्याआड बसून राहिली. बाहेर मुलं पळत होती. एका बाईने माझ्यासमोर उभं राहून माझ्यात आपले केस नीट केले. आत हातभर अंतरावर आसावरी रडत होती आणि त्या बाईला ते दिसलं नाही.

त्या दिवसापासून ती फक्त उन्हासाठी माझ्यामागे बसत नव्हती.

परत जाताना सुमित्रा काकूंनी गाडीशी येऊन काचा एवढ्या काळ्या का म्हणून चौकशी केली, तेव्हा आसावरीने हसून सांगितलं, "अहो काकू, अनिकाचा हट्ट. तिला फॅन्सी गाडी हवी." अनिका मागे बसून ऐकत होती. तिने असा हट्ट कधीच केला नव्हता. गाडी सुरू झाल्यावर आसावरी मागे वळली. "अनू, आईला बरं नाही हे कुणाला सांगायचं नाही हं. मंडळात नाही, शाळेत नाही, आजीला फोनवर पण नाही. आपलं सीक्रेट."

"ओके, मॉम," अनिका म्हणाली. मुलांना गुपित मिळालं की आधी बरं वाटतं. तिलाही वाटलं असेल.

अशी कॅरीतली वर्षं गेली. माझ्या फिल्मच्या कडा हळूहळू सुटायला लागल्या. काळ्या रंगात जांभळी झाक आली. अनिकाचे पाय जमिनीला पोहोचले, मग ती मागची सीट सोडून पुढे बसायला भांडायला लागली. आसावरीचा आजार कधी दबायचा, कधी डोकं वर काढायचा. गाडीत, घरात आणि डॉक्टरांकडे त्याचं नाव होतं. बाकी कुठेच नव्हतं.

मग संजीवच्या कंपनीने त्याचा विभाग बंद केला. व्हिसावर असलेल्या माणसाला नवी नोकरी शोधायला फार सवड नसते. मॅनहॅटनमध्ये एक मिळाली, ती त्याने पटकन धरली आणि सगळे नदीपलीकडे न्यू जर्सी राज्यात, जर्सी सिटीत राहायला आले. उंच इमारत, खाली गाड्या ठेवायला तळघर, दोन मिनिटांवर ट्रेन. संजीव ट्रेनने जाऊ लागला. आसावरीलाही न्यू जर्सीतच आतल्या भागात एका प्रयोगशाळेत काम मिळालं. ती गाडीने जायची.

राज्याची हद्द ओलांडली तेव्हा मला काही वेगळं जाणवलं नाही. रस्ता तोच, आकाश तेच. पण कॅरीत जी मी कायद्यात बसत होते, ती इथे बेकायदा झाले होते. या देशात काचा किती काळ्या चालतील ते प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. बॉथेलला, वॉशिंग्टन राज्यात, संजीवचा एक मित्र राहायचा. त्याची काच माझ्याहून काळी होती आणि तिथे ती चालायची. न्यू जर्सीत मात्र पुढच्या दोन दारांवर अशी फिल्म लावायला मनाई. कारण साधं आहे आणि खरंही आहे. गाडीत कोण आहे, त्याच्या हातात काय आहे, हे रस्त्यावरच्या पोलिसाला दिसलं पाहिजे. चौकात वळणाऱ्या गाडीतल्या माणसाने आपल्याला पाहिलं की नाही, हे पायी चालणाऱ्यालाही कळलं पाहिजे. उन्हाचा आजार असेल तर सूट मिळते, पण ती मागावी लागते.

हे त्यांना सांगितलं अथर्वने. तो त्याच इमारतीत राहायचा आणि संजीवबरोबर ट्रेनने जायचा. तळघरात त्याने मला बोटाने टकटक केलं. "संजीव, यार, हे काढून टाक. इथे पुढच्या काचांना फिल्म चालत नाही. मला पण पोलिसांचं तिकीट मिळालं होतं, दंड भरावा लागला. किंवा मग कुणाचा मेडिकल इश्यू असेल तर डॉक्टरकडून लिहून घे, परमिशन मिळते."

संजीवने आसावरीकडे बघितलं. आसावरी म्हणाली, "काढू आम्ही. तशीही जुनी झालीये."

अथर्व गेल्यावर संजीव तिच्यावर चिडला नाही, हे मला आठवतं. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "आसा, अप्लाय करू ना. डॉक्टर एका दिवसात लिहून देईल."

"आणि मग ते गाडीत ठेवायचं. कुणी थांबवलं की दाखवायचं. रस्त्यात उभं राहून सांगायचं, मी आजारी आहे."

"पोलिसाला सांगायचंय. सुमित्रा काकूंना नाही."

"नको, संजीव. मला नाही जमत ते."

एकदा तिला एका पोलिसाने थांबवलंही. तो म्हातारा होता, त्याने ताकीद देऊन सोडलं आणि फिल्म लवकर काढायला सांगितली. ती हो म्हणाली. घरी संजीवला तिने हे सांगितलंच नाही.

आता, मित्रांनो, त्या दिवसाचं सांगते.

अनिका सतरा वर्षांची झाली होती आणि गाडी शिकत होती. नंबरप्लेटवर शिकाऊ मुलांचं लाल स्टिकर लावलेलं होतं. शनिवारची दुपार, जून महिना. अनिका गाडी चालवत होती आणि आसावरी माझ्याशेजारी बसली होती. दोघी भारतीय किराणा आणायला निघाल्या होत्या. अनिकाला हायवेवर गाडी घालायला आवडायला लागलं होतं. ती आनंदात होती, आरशात बघून लेन बदलली की आईकडे शाबासकीसाठी बघायची.

मागे लाल-निळे दिवे लागले.

"मॉम! मी काय केलं? आय वॉझन्ट स्पीडिंग!"

"काही नाही केलंस. हळू बाजूला घे. सिग्नल दे. शाबास."

अनिकाने गाडी कडेला नीट उभी केली. तिला शिकवलं होतं तसे दोन्ही हात चाकावर ठेवले. डावीकडून मोठाले ट्रक सुसाट जात होते, म्हणून पोलीस उजव्या बाजूने आला. माझ्या बाजूने. तरुण होता, नवा असावा. उन्हात त्याचं तोंड लाल झालं होतं. सूर्यही त्याच बाजूला होता, त्याच्या खांद्यामागे, थेट माझ्यावर. माझ्या जुनाट, जांभळ्या पडलेल्या फिल्मवर आभाळ चमकत होतं आणि त्याला माझ्यात स्वतःच्या टोपीशिवाय काही दिसत नव्हतं.

त्याने मला बोटांनी ठोकलं. "रोल डाउन द विंडो, प्लीज."

आसावरीने पंजा वर करून खूण केली, एक मिनिट. ती खूण माझ्याआतच राहिली. बाहेरून ती दिसलीच नाही.

मग तिने जे केलं ते ती रोज करायची. काच खाली घेण्याआधी उन्हापासून वाचण्यासाठी ओढणी डोक्यावर घ्यायची, हातमोजे चढवायचे. ओढणी-मोज्यांची पिशवी तिच्या पायांशी होती. ती वाकली आणि दोन्ही हात खाली घालून घाईघाईने शोधू लागली.

त्या पोलिसाला दिसलं ते एवढंच. काच खाली येत नाही, आणि आत एक सावली वाकून पायांशी काहीतरी घेते आहे.

तो दोन पावलं मागे सरला. त्याचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. "हँड्स! लेट मी सी युअर हँड्स! नाउ!"

आसावरीला तो काय ओरडतो आहे ते समजलं, पण कुणासाठी ओरडतो आहे ते समजलं नाही. भीतीने ती आणखीच घाईने ओढणी ओढू लागली. ओढणी पिशवीच्या चेनमध्ये अडकली होती.

"मॉम, स्टॉप! थांब! हात वर कर, मॉम, प्लीज!" अनिका किंचाळली. तिने चाकावरचा आपला एक हात काढला. तो हात काढतानाही तिला किती भीती वाटली असेल. चालकाच्या दारात सगळ्या काचांची बटणं असतात. त्यातलं माझं बटण तिने दाबलं.

मी खाली गेले. त्या आधी आणि नंतर मी किती वेळा वर-खाली झाले असेन, पण एवढी हळू मी कधी उतरले नसेन असं मला वाटतं. मी अर्ध्यावर आले तेव्हा पिस्तूल अर्धं बाहेर होतं. मी खाली दारात गेले, फक्त माझी वरची कड फटीत राहिली; पुढचं मी तिथूनच पाहिलं आणि ऐकलं.

ट्रक जात होते.

मग त्या पोलिसाचा आवाज आला. तो आता ओरडत नव्हता. "मॅम, हात डॅशबोर्डवर ठेवा. मला आत काही दिसत नव्हतं. तुम्हाला कळतंय का? मला काहीच दिसत नव्हतं."

"येस, ऑफिसर," आसावरी म्हणाली.

"ऑफिसर, माय मॉम इज सिक," अनिका रडत बोलली. "तिला उन्हात बसवत नाही, शी हॅज..."

"अनिका, गप्प बस!"

इतक्या वर्षांत मी आसावरीचा तसा आवाज ऐकला नव्हता. अनिका गप्प झाली. पोलिसाने पुन्हा विचारलं, काही वैद्यकीय अडचण आहे का. आसावरी म्हणाली, "नो. आय ॲम फाइन." तो मागे आपल्या गाडीत जाऊन कागदपत्रं तपासत बसला, आणि तेवढा सगळा वेळ आसावरीचे उघडे हात डॅशबोर्डवर होते, चेहरा उन्हाला दिलेला. ओढणी मांडीवर पडली होती. ती डोक्यावर घेऊ का, एवढंही तिने विचारलं नाही.

पोलिसाने काळ्या काचेबद्दल तिकीट दिलं. जाताना तो अनिकाला म्हणाला, "तू बरोबर केलंस." अनिकाने त्याच्याकडे बघितलं नाही. तो गेल्यावर तिने गाडी चालवायला नकार दिला. आसावरीने जागा बदलली आणि गाडी घरी नेली. वाटेत अनिका मागच्या सीटवर जाऊन बसली होती, लहानपणी बसायची तिथे.

दोन दिवसांत आसावरीला ताप चढला. चेहरा, छाती, दंड लाल झाले, बोटं सुजून वळेनात. तिला इस्पितळात ठेवावं लागलं. मी तळघरात अंधारात उभी होते, त्यामुळे तिथलं मला काही माहीत नाही. एकदा संजीव येऊन गाडीत नुसता बसला. गाडी सुरू केली नाही. त्याने माझ्या सुटलेल्या फिल्मचा कोपरा नखाने ओढला, चिंधीएवढा फाडला, आणि मग हातात धरून तसाच बसला.

अनिका खाली यायचीच नाही.

आसावरी घरी आल्यावर काही दिवसांनी एका सकाळी अनिकाला घेऊन तळघरात आली. तिचा चेहरा औषधाने सुजला होता. तिने स्वतःच्या बाजूचं दार उघडलं आणि अनिकाला म्हणाली, "बस ना माझ्याशेजारी. कुठे जायचं नाही. चावी खिशातच राहू दे."

अनिका चालकाच्या जागी बसली, पण दार तिने उघडंच ठेवलं.

"अनू, त्या दिवशी मी तुला गप्प केलं."

"इट्स फाइन."

"फाइन नाहीये."

अनिकाने चाक दोन्ही हातांनी धरलं. मग म्हणाली, "तो तुला शूट करणार होता. अँड यू स्टिल डिडन्ट वाँट हिम टु नो. तुला तेच जास्त इम्पॉर्टंट होतं." आणि मग ती मराठीत बोलली, तिच्या तुटक मराठीत, शब्द शोधत. "मी आठ वर्षांची होते. मी कुणालाच सांगितलं नाही. तू हॉस्पिटलमध्ये होतीस तेव्हा पण माझ्या बेस्ट फ्रेंडला मी सांगितलं की तू ट्रॅव्हल करतेयस. मला आता येतं ते. लाय करायला. मला खूप छान येतं."

आसावरीने हात पुढे केला, पण अनिकाने तो घेतला नाही.

"मला एक सांगायचंय तुला," आसावरी म्हणाली. "आणि ते ऐकून तू आणखी चिडशील. ऊन अडवायला काच काळी असावी लागत नाही. पारदर्शक फिल्म मिळते. जे किरण मला त्रास देतात ते ती अडवते आणि काच काचेसारखीच दिसते. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. केमिस्ट आहे मी."

"मग?"

"मला काळीच हवी होती. लोकांनी माझा चेहरा बघू नये म्हणून. तुझं नाव पुढे केलं मी. हट्ट तुझा म्हणून सांगितलं."

अनिका तिच्याकडे वळून बघत राहिली. मला वाटलं ती उठून जाईल. ती उठलीच, पण वर गेली नाही. गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि बाहेरून आत बघायचा प्रयत्न केला. डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना तळवे धरून, नाक मला टेकवून. आत तिची आई होती. तिला ती नीट दिसली नसावी.

"टेक इट ऑफ," ती म्हणाली. "आत्ता."

त्यांनी वरून कपड्यांवर वाफ मारायचं यंत्र आणलं आणि स्वयंपाकघरातलं एक पातळ पातं. आसावरीच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून ती वाफ देत राहिली आणि अनिका सोलत राहिली. मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही, मला दुखलं. फिल्म इतक्या वर्षांत माझी कातडी झाली होती. ती सलग निघाली नाही, चिंध्या चिंध्या होऊन निघाली, आणि मागे चिकट गोंद राहिला. तो अनिकाने घासून काढला. मधूनच ती रडायची आणि घासायची. काम संपलं तेव्हा तळघरातला पिवळट दिवा माझ्यातून आरपार आला आणि आसावरीचा सुजलेला चेहरा त्यात स्पष्ट दिसला.

पुढे डॉक्टरांनी लिहून दिलं, पारदर्शक फिल्मवरही कुणी हरकत घेऊ नये म्हणून रीतसर सूट घेतली आणि ती फिल्म माझ्यावर लागली. परवानगीचा कागद आता गाडीतच असतो. आसावरीने आपल्या आईला फोनवर आजाराचं सांगितलं. सुमित्रा काकूंनाही सांगितलं. तो फोन तिने गाडीतूनच केला, म्हणून मी ऐकला. काकू आधी खूप रागावल्या, मग म्हणाल्या, "अगं, माझ्या बहिणीला पण हेच होतं. आम्ही कधी कुणाला बोललो नाही."

सगळं ठीक झालं असं सांगून मला इथे थांबता आलं असतं. पण तसं झालेलं नाही. अनिकाने पुढे परीक्षा दिली, तिला लायसन्स मिळालं, ती चांगली गाडी चालवते. फक्त आरशात पोलिसाची गाडी दिसली, कुठेही, कितीही लांब, की तिचा हात बटणावर जातो आणि ती चारही काचा खाली घेते. आता मी आरपार आहे, बाहेरून सगळं दिसतं, तरी घेते. मी वर राहून तिला काही समजावू शकत नाही. काचेचं कुणी ऐकत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरातल्या कुणी मोठ्या माणसाने तुम्हाला त्याचं दुखणं लपवून ठेवायला सांगितलं असेल, आणि ते वागवताना तुमचा जीव घाबरत असेल, तर त्यांना जाऊन सांगा की मला हे जड होतंय. तुम्ही त्यांच्याशी बेइमानी करत नाही. त्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं की आपण ते तुमच्या अंगावर टाकलं आहे. आणि तुम्ही मोठे व्हाल तेव्हा, आजार असेल, दुःख असेल, त्याला सावली जरूर द्या. पण आतला माणूस दिसेल एवढी जागा राहू द्या.

गेल्या आठवड्यात बर्फ पडत होतं. अनिका आईला दवाखान्यात नेत होती. चौकात समोरून पोलिसाची गाडी आली आणि अनिकाने सवयीने सगळ्या काचा खाली घेतल्या. बोचरा वारा आत घुसला. बर्फाची भुरभुर आसावरीच्या केसांवर, मांडीवर, गालांवर येऊन पडली. ती पोलिसाची गाडी शांतपणे निघून गेली. आतल्या पोलिसाने यांच्याकडे पाहिलंही नाही.

"सॉरी, मॉम," अनिका पुटपुटली. पण तिचा हात बटणावरून हलेना.

"राहू दे," आसावरी म्हणाली. "तुला वाटेल तेव्हा लाव."

पुढचे दोन सिग्नल त्या दोघी तशाच गेल्या, काचा उघड्या, बर्फ आत येत असताना. मग अनिकाने मला वर घेतलं.